कापून टाकलेली ओळ

मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेन एवढाच मी आहे. वर लाकडी मूठ, खाली रबर आणि रबरावर उलटी अक्षरं. चकलीच्या पाकिटांवर मारायचा मी शिक्का. माझं वय तीन वर्षांचं, म्हणजे शिक्क्याच्या मानाने म्हातारपणच. माझ्यावर दोन ओळी होत्या, आता एकच उरली आहे. दुसरीचं काय झालं ते तुम्हाला सांगायचं आहे.

मी तयार झालो अलिबागच्या एका दुकानात. मला करायला टाकलं होतं नेत्राने. मांडव्याच्या धक्क्यापासून थोडं आत, भातशेतीच्या एका गावात ती राहायची. गावातल्या चौदा बायकांचा बचतगट होता. त्या तांदळाच्या चकल्या करायच्या आणि धक्क्याजवळच्या दिपेशच्या दुकानात विकायला ठेवायच्या. नेत्रा बारावी शिकलेली, म्हणून पाकिटावर काय लिहायचं ते काम तिच्याकडे.

शिक्केवाल्याने तिचा कागद दोनदा वाचला. त्यावर होतं :

तळण : सरकीचे तेल
(जनुकबदल केलेल्या कपाशीचे)

"ताई, लोक 'शुद्ध', 'घरगुती' असलं करून घेतात. हे कोण लिहितं?" त्याने विचारलं.

"आम्ही लिहितो," नेत्रा म्हणाली.

याचा अर्थ तुम्हाला सांगायला हवा. कपाशीच्या बियाण्यात प्रयोगशाळेत एका जिवाणूचं जनुक घालतात. मग बोंडअळीने ती कपाशी खाल्ली की अळी मरते. कापूस काढून घेतल्यावर जी बी उरते ती सरकी, आणि तिच्यापासून निघतं ते सरकीचं तेल. नेत्राला हे आधी ठाऊक नव्हतं. एकदा ती दुकानात माल पोहोचवायला गेली असताना बोटीची वाट बघणाऱ्या एका बाईने दिपेशला विचारलं, "यात जीएम, म्हणजे जनुकबदल केलेलं काही नाही ना?" दिपेश पटकन म्हणाला, "छे छे मॅडम, गावचा माल आहे." नेत्राला ते खटकलं. येताना ती तेलाच्या व्यापाऱ्याकडे थांबली. तो हसून म्हणाला, "सरकीचं तेल म्हटलं की कपाशी तसलीच धरायची, वहिनी. दुसरी येते कुठे हल्ली?"

म्हणून मी जन्मलो.

गटाच्या प्रमुख होत्या कमळकाकी. साठीच्या, करारी. गट त्यांनीच उभा केला होता. पहिल्या दिवशी समाजमंदिरात मला हातात घेऊन त्यांनी अक्षरं निरखली.

"ह्यानं कोन मरतंय का नेत्रा?"

"न्हाय काकी. तेल वाईट हाय असं मी म्हनत न्हाय. आपन पन तेच खातो. इचारनाऱ्याला कळावं, एवढंच."

"वाचून मान्सं घाबरतात. न इचारता कशाला सांगायचं? दुसरा कोन लिवतो?"

कायद्याने ते लिहायलाच हवं का, याबद्दल गावात दोन जण दोन गोष्टी सांगत होते. शेवटी कमळकाकींनी मान डोलावली, कारण नेत्रा ऐकणारी नव्हती. तीन महिने मी जांभळ्या शाईत न्हाऊन पाकिटापाकिटावर उमटलो. कोकिळा नावाची बाई नेत्राच्या शेजारी बसून पाकिटं पुढे सरकवायची. नेत्रा मला सरळ धरायची, एकही अक्षर फिकं उमटू द्यायची नाही. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

मग अमिषा आली. मुंबईची, सुट्टीला किहीमला येणारी. नेत्रा तेव्हा दुकानात माल मांडत होती. मीही तिच्या पिशवीत होतो. अमिषाने पाकीट उलटं करून वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"तुम्ही हे लिहिलंत? किती प्रामाणिक आहात. असं कुणीच लिहीत नाही."

तिने माझ्या ठशाचा फोटो काढला. नेत्राचाही काढला. नेत्राने पदर सावरला आणि हसली. मग अमिषाने पाकीट जागेवर ठेवलं, शेजारची काजूची बरणी घेतली आणि ती बोटीकडे गेली.

तो फोटो मोबाइलवर फिरत फिरत आठवड्याने गावात आला. मधे कुणीतरी त्यावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'जनुकवाली चकली, मुलांना देऊ नका'. फोटोत नेत्रा हसत होती.

दिपेशने सगळा माल परत पाठवला. नेत्राची मुलगी आरोही तिसरीत होती. मधल्या सुट्टीत मुली डबा घेऊन तिच्याजवळून उठायच्या. एके दिवशी कमळकाकींच्या नातीने तिचा डबा गटारात रिकामा केला आणि म्हणाली, "तुझ्या आईनं विष करून इकलं." त्या डब्यात त्या दिवशी नुसता भाकरीचा चुरा आणि गूळ होता. ज्या घरातून ती नात आली होती, त्या घरात तळण त्याच तेलाचं होतं.

समाजमंदिरात बैठक झाली. मध्ये परत आलेली पोती, आणि पोत्यावर मी.

"चौदा घरांचं काम बसवलंस तू," कमळकाकी म्हणाल्या. "आता गटात ऱ्हायचं असंल तर तूच ती खालची ओळ काप. आमच्या सगळ्यांच्या म्होरं."

नेत्राने एकेकीकडे पाहिलं. "वरची ओळ तरी ऱ्हाईल ना?"

"ती ऱ्हाऊ दे. तेलाचं नाव लिवायलाच लागतं."

कुणीतरी दाढीचं पातं पुढे केलं. नेत्राने मला मांडीवर उलटं ठेवलं. रबर चिवट, पातं सरळ गेलं नाही. 'कपाशीचे' मधला 'क' दोनदा कापावा लागला. तिच्या बोटालाही लागलं. कोकिळा रडत होती, पण उठली नाही.

ओळ निघाली. रबराचे तुकडे कमळकाकींनी केराबरोबर झाडून टाकले. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "आता घरी जा. तुझं तोंड फोटोत हाय. तू हितं बसलीस तर माल कोन घेनार?"

"काकी, तुम्ही म्हनालात…"

"म्हनाले. सगळ्यांच्या पोटाचा इचार करायला लागतो मला."

नेत्रा गेली. मी एका ओळीनिशी कामाला लागलो. पण दिपेशला तेवढंही नको होतं. त्याने नवी छापील पाकिटं आणली. हिरवं पान, आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जनुकबदलमुक्त'. आत चकली तीच, तेल त्याच व्यापाऱ्याचं. ती पाकिटं झपाट्याने खपली. मला खणात टाकलं, आणि माझी शाई वाळून गेली.

वर्षाने कुणीतरी तक्रार केली. 'मुक्त' कशावरून, पुरावा द्या, म्हणून अन्न खात्याचा एक अधिकारी चौकशीला आला. समाजमंदिरात बायकांना बसवलं, नेत्रालाही बोलावलं. ती तेव्हा एका कंपनीत झाडलोटीला जात होती. कामाचा निळा कोट घालूनच आली.

कमळकाकींनी खणातून मला काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"साहेब, लिवायचं काम हिच्याकडं होतं. ह्या शिक्क्यावर खरं लिवलं होतं. हिनंच ते पात्यानं कापलं. आमी सगळ्यांनी बघितलं."

अधिकाऱ्याने मला उलटं करून रबरावर बोट फिरवलं. "बाई, हे तुम्ही कापलंत?"

"व्हय."

"का?"

"ह्यांनी कापायला लावलं, आन् त्याच दिवशी गटातून काढलं. ती छापील पाकिटं माझी न्हाईत."

"यांनी म्हणजे कुणी? इथे कुणी सांगेल का?"

तेरा बायका बसल्या होत्या. नेत्राने कोकिळाकडे पाहिलं. कोकिळा स्वतःच्या पायाची बोटं बघत राहिली. बाहेर कुणीतरी स्कूटर सुरू केली, तिचा आवाज लांब जाईपर्यंत अधिकारी थांबला. मग त्याने लिहायला घेतलं. छापील पाकिटांबद्दल दिपेशने हात वर केले, गटाने मजकूर दिला तो मी छापला म्हणाला. गटाला ताकीद मिळाली. फसवणुकीसाठी जबाबदार म्हणून कागदावर एकच नाव गेलं. त्याच महिन्यात कंपनीने नेत्राला कामावरून काढलं, आणि आरोहीला घेऊन ती पालीकडे माहेरी निघून गेली. पुढचं मला माहीत नाही.

मी आता सरकारी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. पिशवीला चिठ्ठी बांधली आहे : 'शिक्का एक. खालची ओळ कापलेली. कापणारी, नेत्रा.' त्यात एकही शब्द खोटा नाही.

मित्रांनो, मी रबराचा. मला तोंड नव्हतं, ओळ होती, ती गेली. तुम्हाला तोंड आहे. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचत जा, आणि काय लिहू दिलं नाही तेही विचारत जा. ज्याने न विचारता खरं सांगितलं, त्याला एकटं सोडू नका. त्या खोलीत खरं ठाऊक असलेल्या तेरा जणी होत्या. एक बोलली असती तरी पुरलं असतं.