पक्की सीट

आमच्या घरच्यायले, म्हंजे माह्या नवऱ्याले, कोणतंच काम सरळ झालेलं आवडत नाही. गॅसचं सिलेंडर पाहिजे, तं ओळख. दवाखान्यात नंबर लावाचा, तं ओळख. भाजीपाल्याची पिकअप घेऊन संग्रामपुराहून शेगाव, नांदुरा फिरतेत अन् गावोगावी एकेक 'आपला माणूस' धरून ठेवतेत. शेखरभाऊले कोणी नाही म्हणत नाही, हे स्वतःच सांगत फिरतेत.

तं आमच्या समीक्षाची बारावी झाली, सीईटीतही पोट्टीनं चांगले मार्क घेतले. हे कोणाले काही न इचारता उत्तमराव सरायकडं गेले. उत्तमराव म्हंजे नांदुऱ्याच्या रोडवर ते नवं इंजिनिअरिंग कॉलेज झालं ना, तिथं ॲडमिशनचं पाहतेत. संध्याकाळी हे घरी आले ते पेढ्याचा पुडा घेऊनच.

"कॉम्प्युटरची सीट पक्की करून आलो! लोकं बसतीन सरकारी राऊंडची वाट पाहत. आपल्याले तो फॉर्म भराचंच काम नाही."

पिकअपच्या टायरायसाठी ठेवलेले पैसे भरून आले होते. बाकीच्याचं काय, इचारलं तं म्हणे स्कॉलरशिप भेटते, कमी पडलं तं बँक लोन देते. मी बी गल्लीत घरोघरी पेढे वाटले. खोटं काऊन बोलू, माही छाती फुगली होती. कॉलेज बसच्या रस्त्यावर, पोट्टी रोज संध्याकाळी घरी. अजून काय पाहिजे मायले?

मंग आमी तिघं स्कॉलरशिपचा अर्ज भराले कॉलेजात गेलो. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, आधार, सगळं पिशवीत. खिडकीतल्या मॅडमनं कॉम्प्युटरमध्ये पाह्यलं अन् कागद जसेच्या तसे परत सरकवले.

"हिची ॲडमिशन कॉलेजच्या कोट्यातली आहे. स्कॉलरशिप बसत नाही."

"बसत नाही म्हंजे?" हे म्हणाले.

"सरकारी राऊंडमधून नंबर लागला असता तर तुमच्या उत्पन्नात मुलीची शिक्षणाची आणि परीक्षेची सगळी फी शासनानं भरली असती. कोट्यातल्या सीटला ते लागू नाही. चारही वर्षं पूर्ण फी तुम्हालाच भरावी लागेल."

बाप्पा! मले वाटलं मॅडम दुसऱ्याच कोणाचं सांगून राह्यली.

अन् आमच्या मांगं उभी कोण, तं गल्लीतल्या शालूबाईची डिंपल! समीक्षापेक्षा मार्क कमी, अन् पहिल्याच राऊंडमधून तिचा नंबर याच कॉलेजात, याच कॉम्प्युटरले लागलेला. तुह्या फीचं कसं काय, इचारलं तं लाजून म्हणे, "काकू, शिक्षणाची फी माफ हाये. किरकोळच भरा लागले." म्हंजे आमची पोट्टी नुसती घरी बसून फॉर्म भरती, तं हेच कॉलेज तिले फुकट भेटत होतं. अन् आमी पैसे देऊन ते फुकटचं घालवलं! मले तं रडावं का डोकं आपटावं तेच समजेना.

"अजून शेवटचा राऊंड आहे," मॅडम म्हणाल्या. "हिची नोंदणी आधीच झालेली दिसते, कोणकोणतं कॉलेज हवं ते आज संध्याकाळपर्यंत ऑनलाइन भरता येईल. पण आधी ही ॲडमिशन रद्द करा. वडिलांची सही लागेल."

तेवढ्यात उत्तमराव बाहेर आले. "शेखरभाऊ, येडे झाले काय? राऊंडमध्ये नंबर नाही लागला तं पोरगी वर्षभर घरी बसन. मंग माह्याकडं येऊ नका."

हे पाघळले. मले बाजूले घेऊन म्हणतेत, "त्यायनं आपल्यासाठी एवढं केलं. आता कोण्या तोंडानं रद्द करू?"

"तोंडाचं काय घेऊन बसले वो! पोट्टीच्या चार वर्षांचं पाहा ना!" मी ओरडलीच. अन् त्याच तावात समीक्षावर घसरली. "अन् तू वं? एवढी शिकलेली, तुले हे माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," समीक्षा म्हणे.

मी तिचा दंड धरला.

"मंग बोलली काऊन नाही?"

"बाबांनं पेढे आणले होते. तू वाटूनबी आली होती. आता बोलली तं गल्लीत बाबांची इज्जत जाईन, असं वाटलं. म्हटलं, स्कॉलरशिप नाही भेटली तं लोन काढू अन् नोकरी लागल्यावर मी फेडीन. तुमाले कळू द्याचं नव्हतं."

अठरा वर्षांची पोट्टी! आमच्या पेढ्यायपायी एवढं वझं डोक्शावर घेऊन गुपचूप बसली होती, अन् मी तिच्याशेजारी रोज भाकर खात होती. यायनं खिडकीतून कागद मागितला, सही केली अन् उत्तमरावांकडं न पाहता भाईर निघून आले.

कॉलेजच्या पायरीवर बसून समीक्षानं मोबाईल काढला. यायनं हळूच इचारलं, "बेटा, तुले कोणतं पाहिजे?"

एवढ्या दिवसांत हे तिले कोणीच इचारलं नव्हतं. मीही नाही.

"अमरावतीचं सरकारी," ते लगेच म्हणे. "माह्या मार्कात लागू शकते."

"अमरावती?" मी म्हटलं. "तिथून रोज येणं-जाणं कसं होईन?"

"हॉस्टेलात राहीन ना आई. हॉस्टेलच्या भत्त्याची योजना वेगळी हाये, तिचे कागद म्या पाहून ठेवले."

पाहून ठेवले! म्हंजे पोट्टी केव्हाची मनानं तिथं जाऊन बसली होती, अन् मी इथं संध्याकाळच्या बसचा हिशोब करत होती. मले म्हणाचं होतं, नांदुऱ्याचंच यादीत वर टाक, राऊंडमधून इथंही फुकटच होईन. शब्द अगदी ओठावर आला. समीक्षा बटनावर बोट ठेवून माह्याकडं पाहत होती.

"अमरावतीच टाक वर," मी म्हटलं.

तिनं बटन दाबलं. नंबर लागला तं पुढच्या महिन्यात ही घरात नसन, हे मले तवा कुठं समजलं, अन् भर कॉलेजच्या पायरीवर मी भोकाड पसरून रडली.