दोन बोटांची जागा

मी एक जुनी सायकल आहे. रंग उडालेली, घंटा मुकी झालेली आणि खरं सांगायचं तर जरा खवट स्वभावाची. मित्रांनो, मी जन्मापासून अशी नव्हते. कारखान्यातून निघाले तेव्हा मी हिरवीगार होते आणि दुकानाच्या काचेत माझं मलाच कौतुक वाटायचं. मग खोगीरवाल्यांनी मला विकत घेतलं आणि माझ्या नशिबी घोडे आले.

माझे मालक गावोगाव फिरून जनावरांची खोगिरं, लगाम, पट्टे शिवतात. आरी, दाभण, मेणाचा दोरा, कातड्याची गुंडाळी हे सगळं पाठीवर करकचून आवळून मी चढ चढायचे, खड्डे मीच खायचे. पोहोचलो की मला भिंतीला टेकवायचं आणि स्वारी निघाली दूधगाडीच्या पांढऱ्या घोड्याकडे! "काय राजे, कुठं टोचतंय?" असं विचारत ते त्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सरकवायचे. बोटं सहज गेली तर ठीक, अडकली तर पट्टा सैल करायचा. वीटभट्टीवरच्या गाढवांशीही तेच. गाढवांशी! त्यांची मान खाजवायची, आणि माझी साखळी कुरकुर करून दमली तरी तेलाची बाटली उघडायची ती त्यांच्या पट्ट्यांसाठी. माझ्या पोटात दुखायचं. हो, हेवाच तो. लपवू कशाला?

एकदा दगडाच्या खाणीवर मुकादम म्हणाला, "काका, हा खटारा भंगारात द्या आणि आमचं खेचर न्या. खायला काळ झालंय नुसतं."

ते म्हातारं खेचर मान खाली घालून उभं होतं. मालकांची बोटं त्याच्या पट्ट्याखाली शिरेचनात. पट्टा सोडला, तर खाली कातडी सोललेली. घरी निघालो तेव्हा त्यांच्या एका हातात माझं हँडल होतं आणि दुसऱ्या हातात त्याची दोरी.

मालकीणबाई दारातच म्हणाल्या, "घरचं झालं थोडं अन् मुकादमानं धाडलं घोडं! आता सायकल भंगारात काढणार की काय?"

"सकाळी बघू," मालक म्हणाले.

त्या 'बघू'ने माझ्या चाकातली हवाच गेली. मलम त्याला, गोणपाट त्याला, आणि अंगणातली माझी भिंतही त्यालाच! मला उकिरड्याशेजारी उभं केलं.

सकाळी मालकांनी आधी त्याची जखम पाहिली. "पाठ बरी होईपर्यंत तुझ्यावर काडीसुद्धा ठेवायची नाही," असं म्हणून सगळं सामान घेऊन ते माझ्याकडे आले. त्याला रजा, मला बोजा! मी मनातल्या मनात जळफळत होते. त्यांनी पिशवी कॅरिअरवर ठेवली, पट्टा आवळला. मग थांबले आणि पट्ट्याखाली दोन बोटं सरकवली. ती अडकली. त्यांनी पट्टा एक भोक सैल केला.

मालकीणबाई हसायलाच लागल्या. "अहो, सायकल आहे ती! तिला काय टोचणार?"

"असू दे गं. ओझं तीही वाहतेच की."

मित्रांनो, लोखंडाला टोचत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण इतक्या वर्षांत माझी चौकशी त्या दिवशी पहिल्यांदा झाली. खेचराचा हेवा अजून वाटतो, माझी भिंत अजून त्याच्याकडेच आहे. तरी एवढं सांगते, ज्याच्यावर ओझं बांधाल त्याच्या पट्ट्याखाली आधी दोन बोटं घालून बघा. त्याला बोलता येत नसेल तर नक्कीच बघा. आणि पट्ट्यासाठी बाटली उघडलीच, तर माझ्या साखळीलाही थेंबभर तेल द्या.