आरपार कोरलेला क्रूस

मी एक जुनी लाकडी फळी आहे, मित्रांनो, आणि माझ्या छातीला आरपार भोक आहे. सध्या मी कोंबड्यांच्या खुराड्याचे दार आहे. हसू नका. एके काळी सान तेल्मो या वस्तीचे पाणी माझ्या मर्जीने चालत असे.

मेक्सिकोहून बैलगाड्या हाकत स्पेनच्या राजाची माणसे या नदीकाठी उत्तरेला आली. सोबत मेंढ्या, गव्हाचे बियाणे, एक पाद्री आणि एक कप्तान. जमीन काही रिकामी नव्हती. खालच्या अंगाला तिथल्या मूळच्या पुएब्लो लोकांचे गाव होते आणि त्यांचा मका तिथे पिढ्यान्‌पिढ्या डोलत होता. नव्या पाटाचे खोदकाम निम्म्याहून जास्त त्यांनीच केले. राजीखुशीने की धाकाने, हे विचारायला कोणी गेले नाही. पाटाला दोन फाटे काढले, एक वस्तीच्या गव्हाकडे, दुसरा त्यांच्या मक्याकडे. दुसऱ्या फाट्याच्या तोंडाशी माझी नेमणूक झाली. मला खाली सोडले की मक्याचे पाणी बंद, वर उचलले की सुरू.

मला घडवले बाल्तासार सुताराने. पाटाच्या दारावर क्रूस कोरायचा आणि पाद्रीबाबांनी पवित्र पाणी शिंपडायचे, असा त्यांचा रिवाज. बाल्तासारचा हात ओकच्या टणक लाकडावर बसलेला, मी पडले नदीकाठच्या पॉप्लर झाडाची, मऊ. त्याने नेहमीच्या जोराने पटाशी हाणली आणि क्रूस थेट पलीकडे निघाला. दुसरी फळी तासायला सवड नव्हती. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडले आणि मी भोकासकट पावन झाले.

बाल्तासारची बायको कितेरिया म्हणाली, "अहो, दार करायला सांगितलं होतं, चाळण नव्हे."

पहिल्या हिवाळ्यात गहू आलाच नाही. कप्तानाची माणसे पुएब्लो गावात शिरून घरोघरचा मका उचलून आणू लागली. त्याच दिवसांत कितेरिया बाळंत झाली आणि उपासमारीने तिचे दूध आटले. तेव्हा पोवी नावाची त्या गावची बाई, घरातला मका लुटला गेला असतानाही, लपवून ठेवलेल्या मक्याची पेज तिला आणून पाजत राहिली. कोणी न मागता. ते बाळ जगले.

दुसऱ्या उन्हाळ्यात नदी आटली. कप्तानाने जाहीर केले की गहू करपला तर वस्ती मोडून परत फिरावे लागेल, तेव्हा मक्याचे दार बंद. त्या वर्षी पाटकरी म्हणून लोकांनी बाल्तासारलाच निवडले होते. त्याने मला खाली सोडले. मी काम चोख केले, पण क्रुसातून एक धार पलीकडे वाहतच राहिली. पोवीच्या लोकांनी तेवढ्या धारेला बांध घातला आणि भोपळ्याच्या तुंब्यांनी एकेका रोपाला पाणी पाजले. मका तग धरून राहिला, गहू पिवळा पडला. कप्तानाच्या डोळ्यांत ते खुपले. त्याने हुकूम सोडला, भोक चिखलाने लिंपून टाका.

दोन्ही काठांवर माणसे जमली. बाल्तासार हातात चिखल घेऊन माझ्यासमोर गुडघ्यांवर बसला. त्याचे स्वतःचे शेत मागे उन्हाने करपत होते. हात पुढे आला आणि थांबला.

"लिंप," कप्तान म्हणाला.

"कप्तानसाहेब, हा क्रूस आहे. पाद्रीबाबांनी पावन केलेला."

मित्रांनो, मी अगदी समोर होते, म्हणून सांगते. त्याचा हात क्रुसासाठी थांबलाच नव्हता. त्याचे डोळे पलीकडच्या काठावर, पोवीकडे लागले होते.

कितेरिया मूल कडेवर घेऊन पुढे आली. "मग तुम्हीच लिंपा, साहेब. क्रुसात चिखल कुणी कोंबला, ते सगळ्यांना दिसू दे."

कप्तानाने पाद्रीबाबांकडे पाहिले. पाद्रीबाबा आपल्या वहाणांकडे पाहत होते. मग कप्तानाने स्वतः चिखल उचलला, खाली वाकला आणि दोन्ही काठांवरून आपल्यावर लागलेल्या नजरा पाहिल्या. शेवटी चिखल पाण्यात टाकून त्याने हात विजारीला पुसला.

"वाहू दे," तो म्हणाला.

गहू जवळजवळ सगळा करपला. थंडी पडताच परत फिरण्यासाठी गाड्या भरायला सुरुवात झाली. मग एका सकाळी पुएब्लो लोक डोक्यावर मक्याच्या टोपल्या घेऊन आले, सर्वांत पुढे पोवी. या खेपेस त्यांच्या दारात कोणी उचलायला गेले नव्हते. मका थोडाच होता, पण गाड्या रिकाम्या झाल्या आणि सान तेल्मो टिकले. पाटाचे पाणीही त्यानंतर पाळीने वाटले जाऊ लागले. इतिहास सांगणारे याचे श्रेय कप्तानाच्या तलवारीला देतील. देऊ द्या. मला खरे माहीत आहे.

पुढे मी पुष्कळ वर्षे पाटाचे दार म्हणून उभी राहिले. मग खालच्या कडेला कुजले आणि खुराड्याला आले. कोंबड्या टोचतात, थोडे वाईट वाटते. पण सकाळी माझ्यातून ऊन आत शिरते आणि त्यांच्या पाठीवर उजेडाचा क्रूस पडतो.

या वसंतात पाट उपसताना माझ्या जागी नवी फळी बसवायची ठरली. सुतार आता कितेरियाच्या कडेवरचा तो मुलगा आहे. वरवरचा, सुबक क्रूस कोरून तो थांबला, तेव्हा म्हातारी कितेरिया काठी टेकत आली.

"खोल मार," ती म्हणाली. "आरपार जाऊ दे."

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी एवढेच सांगते, एखाद्या जुन्या दाराचे भोक बुजवायला निघालात, तर आधी पलीकडे जाऊन बघा, त्या धारेवर कोणाचा मका उभा आहे.