आठ लाईनींचा बोलका फळा

मुकुंदवाडीतली एक संस्था मेंढपाळांसाठी फोनवर बोलका फळा चालवायची. नंबर लावायचा, आपला निरोप बोलून ठेवायचा, दुसऱ्यांचे ऐकायचे, पसंत पडला तर एक नंबरचं बटण दाबायचं. लाईन एकच, कायम बिझी. पण सगळ्यात ताजा निरोप आधी वाजायचा, म्हणून मल्हारीचा त्यावर भरवसा होता.

आठवड्यापूर्वी त्यानंच बोलून ठेवलं होतं, "पैठणच्या रस्त्याला कालव्याकडचं रान मोकळं हाय. चारा लई. बिनघोर या."

काल रानाच्या मालकानं तिथल्या तणावर विषारी औषध मारलं. मल्हारीनं लगोलग दुसरा निरोप ठेवला, "कालव्याकडच्या रानात औषध मारलंय, कुणी मेंढरं घालू नका." झालं, आता सगळ्यांना कळंल, असं म्हणून तो निवांत झोपला.

सकाळी त्या रानात त्याची बहीण सखूबाई बसलेली दिसली. भोवती मेंढरं पाय ताणून पडलेली, तोंडाला फेस.

"अगं, नको म्हणून सांगितलं होतं ना फळ्यावर!" मल्हारी ओरडला.

"दादा, तूच तर या म्हणालास. आत्ता पहाटंच ऐकलं."

त्यानं नंबर लावला. लाईन पहिल्याच झटक्यात लागली. संस्थेतल्या तनुजाचा रेकॉर्ड केलेला हसरा आवाज आला, "फळा आता नवा झालाय! लाईनी आठ झाल्या, ताटकळायला नको. आणि ज्या निरोपाला सगळ्यात जास्त पसंती, तोच आधी वाजेल."

मग मल्हारीचाच आवाज आला, खुशीतला, "चारा लई. बिनघोर या."