चंदूचे दात

आंबागडच्या खालच्या अंगाला देवाजीच्या धानाच्या बांध्या आहेत. त्या दिवशी तिथं रोवणी लागली होती. आभाळ नुसतं गच्च भरून बसलं होतं, चिखल पोटऱ्यांपर्यंत येत होता. देवाजीची सून कामिनी बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर ठेवलेल्या पऱ्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या उचलून बायांना पुरवत होती. एक जुडी उचलताना तिच्या बोटाला काही टोचलं. काटा असेल म्हणून तिनं हात पाण्यात खळबळला आणि मोहाच्या झाडाखाली झोळीत रडणाऱ्या पोराला पाजायला बसली.

पोरगं पिऊन झालं तोवर तिच्या पापण्या जड झाल्या. उघडू म्हटलं तरी उघडेनात. तिकडे दुसरी जुडी उचलणाऱ्या बाईला खालून सरपटत जाणारा मण्यार दिसला, तेव्हा कुठं सगळ्यांच्या ध्यानात आलं.

तिचा नवरा मंगेश गाडी करून तिला भंडाऱ्याच्या दवाखान्यात घेऊन गेला. मागं पोराला छातीशी धरून देवाजी बसला होता. तिथं कामिनीच्या घशात नळी टाकली. डॉक्टरांनी पोराला नीट तपासलं. दुधातून विष उतरत नाही, पोरगा चांगला आहे, पण या वार्डात लहान लेकरू ठेवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. मंगेश बायकोजवळ राहिला आणि देवाजी नातवाला घेऊन गावात परतला.

नातवाचं नाव चंद्रकुमार. नाव आजोबानंच ठेवलेलं, पण एवढं मोठं नाव त्या एवढ्याशा जिवाला कोण घेणार? सगळे चंदूच म्हणत. नववा महिना लागला होता. देवाजीची बायको मंगेशच्या लग्नाआधीच गेली. त्यानं जन्मभर बैल सांभाळले, अडलेली गाय मोकळी केली, पण लेकरू सांभाळायची पाळी कधी आली नव्हती. मंगेश लहान असताना तर चारचौघांत त्याला उचलूनसुद्धा घेतलं नव्हतं, तेव्हा तशी रीतच नव्हती.

आणि नेमके याच वेळी चंदूचे दात यायला लागले. लाळेनं अंगडं ओलंचिंब. मूठ तोंडात कोंबायचा, ती काढायचा आणि रडायचा. चमच्यानं दूध दिलं तर जिभेनं ढकलून द्यायचा. हिरड्या लालबुंद सुजल्या होत्या.

शेजारची रुखमिणी, नात्यानं देवाजीची वहिनी, रोवणीला जायच्या आधी ज्येष्ठमधाची काडी देऊन गेली. चंदूनं ती एकदा चावली आणि फेकली. कुणी मध चोळायला सांगितला. देवाजी मधाची बाटली शोधत होता तेवढ्यात गावातली आशा सेविका उषाबाई आली आणि वर्षाच्या आतल्या लेकराला मध अजिबात द्यायचा नाही म्हणाली. कुणीतरी गळ्यात बांधलेली मण्यांची माळही तिनं काढायला लावली, झोपेत फास बसेल म्हणून. हात साबणानं धुऊन बोटानं हिरड्या हळूहळू चोळा, स्वच्छ फडकं माठाच्या पाण्यात गार करून चावायला द्या, असं तिनं समजावलं.

देवाजीनं तेही केलं. फडकं तोंडात असेपर्यंत चंदू गप्प राहायचा. ते कोमट झालं की पुन्हा तोच आकांत. मग देवाजी त्याला घेऊन तलावाच्या पाळीवर जायचा, बगळे दाखवायचा. बगळे उडाले की रडणं सुरू. गावातल्या बाया बांध्यांत वाकलेल्या, घरं रिकामी, आणि पाळीवर हा म्हातारा एकटा येरझारा घालतो आहे.

त्याच्या मनात एकच किडा वळवळत होता. हे दातांचंच रडणं आहे, की त्या दिवशीचं दूध पोटात काही करतं आहे? उषाबाईला त्यानं किती वेळा विचारलं. तिनं चंदूचा ओठ खाली ओढून हिरडीखालची पांढरी रेघ दाखवली. ती घरात असेपर्यंत देवाजीला पटायचं. ती गेली की पटलेलं निघून जायचं.

कामिनीच्या घशातली नळी काढली त्या दिवशी मंगेशचा फोन आला. तिचा आवाज पार घोगरा झाला होता. चंदू कुठं आहे, एवढंच तिनं विचारलं. चंदू घरात रुखमिणीच्या कडेवर किंचाळत होता. देवाजी फोन घेऊन झपाझप गोठ्यामागं गेला, जिथं ते रडणं ऐकू जात नव्हतं.

"झोपून हाये बाई," तो म्हणाला. "मस्त झोपून हाये. तू कायजी करू नको."

दुसऱ्या दिवशीही तसंच. सकाळी झोपलेला, दुपारी झोपलेला, संध्याकाळीही झोपलेला. मरणाच्या दारातून आलेल्या पोरीला लेकराचं रडणं कशाला ऐकवायचं, असं देवाजीला वाटत होतं. एवढी एक गोष्ट तरी आपल्याला साधली, असंही वाटत होतं.

मग एका दुपारी मंगेशचा एकट्याचा फोन आला. कामिनी जेवत नव्हती. हातातली सुई तिनं ओढून काढली होती. डॉक्टर बोलले, सिस्टर बोलल्या, ती कुणाचं ऐकून घेत नव्हती.

"बाबा, खरं सांगा," मंगेश म्हणाला. "पोरगा हाये ना?"

देवाजी रोजच्यासारखा गोठ्यामागं येऊन बोलत होता, तो तिथंच शेणाच्या ढिगाशेजारी खाली बसला.

"थे म्हणते, माह्या पापण्या मिटल्या तशाच चंदूच्याही मिटल्या असतीन. म्हणते, कोणतं लेकरू दिवसभर झोपते?"

देवाजी उठला आणि फोन तसाच हातात धरून घरात गेला. रुखमिणी नुकतीच बांधीतून येऊन चंदूला घेऊन बसली होती. तिच्या मांडीवर चंदू लाल होऊन रडत होता. देवाजीनं मंगेशला फोन कामिनीच्या कानाला लावायला सांगितलं आणि आपला फोन चंदूच्या तोंडाजवळ नेला. चंदूनं दोन्ही हातांनी तो धरला, त्याचा कोपरा हिरड्यांनी करकचून चावला, आणि त्यानंही बरं वाटेना तेव्हा भोकाड पसरलं.

ऐकू गेलं का ते पाहायला देवाजीनं फोन काढून आपल्या कानाला लावला.

"काढू नका मामाजी," कामिनी म्हणाली. "रडू द्या त्याले. मले आयकू द्या."

तो पुन्हा फोन धरून उभा राहिला. मग तिनं विचारलं, "दात येऊन राहिले का?"

"हो बाई," देवाजी म्हणाला. "समदं करून पायलं. मले काहीच जमून नाई राहिलं."

"थे कोणालेच नाई जमत, मामाजी. दात निघेपर्यंत घेऊन फिरा फक्त."

थोड्या वेळानं मंगेशनं सांगितलं, तिनं भात मागितला आहे, पण फोन ठेवू देत नाही.

देवाजी चंदूला खांद्यावर टाकून अंगणात आला. फोन त्यानं पोराच्या तोंडाशीच धरला. चंदू रडत होता, पलीकडे त्याची माय जेवत होती, आणि देवाजी त्याला उगी न करता अंगणात नुसता फिरत राहिला.