मागची बाजू

गठ्ठ्याची गाठ काही सुटेना. बाईंनी नखं लावून पाहिली, चष्मा कपाळावर सरकवून पाहिला आणि शेवटी वैतागून सुतळी दातांशी नेली.

"दात कशाला लावताय? इकडे आणा. माझीच गाठ आहे ती," फॉर्मवाली म्हणाली आणि एका झटक्यात सुतळी मोकळी केली.

तळघरातल्या रेकॉर्डच्या खोलीत दोघीच होत्या. बाई मध्यवर्ती बँकेत चौतीस वर्षं संशोधन करणाऱ्या अर्थतज्ज्ञ. दशांशचिन्हापुढचे दोन आकडे पाहिल्याशिवाय मान हलवत नसत, म्हणून विभागात त्यांना मागून 'दशांशबाई' म्हणत. फॉर्मवाली त्यांच्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी; जुने गठ्ठे शोधायला बाईंनी तिला आज मुद्दाम बोलावून घेतलं होतं. निवृत्त होईपर्यंत तिने जिने चढून घरोघर एकच प्रश्न विचारला होता: पुढच्या वर्षी भाव किती टक्क्यांनी वाढतील असं तुम्हाला वाटतं? व्याजदर वाढवला की लोकांच्या मनातली महागाईची धास्ती कमी होते का, हे बाई त्या उत्तरांतून आयुष्यभर शोधत आल्या होत्या.

त्यावरचा शोधनिबंध आता तिसऱ्यांदा परत आला होता. ज्या वर्षी व्याजदर सर्वांत जास्त वाढला, त्याच वर्षी दहांतल्या चार घरांनी 'सांगता येत नाही' असं उत्तर दिलं होतं. लेखिकेने ती घरं वगळली आहेत, परीक्षकाने लिहिलं होतं. ती माणसं कोण होती? उत्तराला महिन्याची मुदत, आणि महिनाअखेर बाईंची निवृत्ती. साहेब म्हणाले होते, "सोडून द्या ना आता." तेव्हापासून बाईंचं डोकं ठणकत होतं.

"ज्यांना काही वाटतच नाही, त्यांचं मी काय करू?" बाई फणकारल्या.

"वाटत नाही कसं? अहो, तेच तर मला सोडायचे नाहीत. पाच टक्के, दहा टक्के म्हणणारे दारातच बोळवण करायचे. हे लोक बसवून घ्यायचे. मुलीचं शिक्षण, नवऱ्याचं काम, सासऱ्यांचं औषधपाणी. आकडा तेवढा सांगायचे नाहीत. मग मी 'सांगता येत नाही'वर खूण करायची आणि बाकीचं मागे लिहायची."

"मागे?"

"फॉर्मच्या मागे. कोरंच असायचं की."

बाईंच्या टेबलावर आजवर नुसते तक्ते आले होते. त्यांनी गठ्ठ्यातला पहिला फॉर्म उलटला. बारीक तिरकं अक्षर: 'व्याज वाढलं म्हणून दुकान वाढवायचं राहिलं म्हणतात. भाव चढोत की उतरोत, आता नवीन काही करायचं नाही.' त्यांनी दुसरा उलटला. तिसरा. खुर्ची पुढे ओढली.

"हे आधीच्या वर्षाचे. त्या वर्षाचा गठ्ठा काढा. लवकर."

फॉर्मवालीने खालच्या फळीवरचा गठ्ठा काढला, पण सोडताना तिचे हात रेंगाळले. बाईंनी तो जवळजवळ हिसकावूनच घेतला. पहिला फॉर्म मागे कोरा. दुसरा कोरा. बाई भराभरा उलटत राहिल्या.

"यांच्यावर का नाही लिहिलंत?"

फॉर्मवालीने गठ्ठ्यावर टाचलेला पिवळट कागद त्यांच्यापुढे सरकवला. परिपत्रक होतं. फॉर्मच्या मागे काहीही लिहू नये. शाई पुढच्या बाजूला उमटते व आकडे वाचण्यात चूक होते. खाली बाईंचीच सही, ठसठशीत, तारखेसकट.

"म्हटलं, तुमचा हुकूम. मोडायचा कसा?" तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

"त्या वर्षी कोण काय म्हणालं, काही आठवतं?"

"एवढ्या घरांचं? नाही हो."

बाईंनी परिपत्रकाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. ती पुन्हा दुमडली. त्यांनी पुन्हा सरळ केली.

फॉर्मवालीने गठ्ठ्याच्या तळाचा एक न भरलेला फॉर्म गुडघ्यावर घेतला आणि पर्समधून पेन काढलं.

"बाई, पुढच्या वर्षी भाव किती टक्क्यांनी वाढतील असं तुम्हाला वाटतं?"

आकडा बाईंच्या जिभेवर होता, दोन दशांशस्थळांपर्यंत.

"भाऊ म्हणतो, माझ्याकडे राहायला ये," त्या म्हणाल्या. "वहिनीही तोंडावर हो म्हणते. पण माझी जागा मला सोडवत नाही. पेन्शनीत जागेचं भाडं जमेल की नाही... आणि सकाळी उठून जायचं तरी कुठे..."

फॉर्मवालीने मान डोलावली, 'सांगता येत नाही'च्या चौकटीत खूण केली आणि फॉर्म उलटला.