शिबिराचं खाचर

मळवलीच्या ज्या बंगल्यावर माझा नवरा अमृत केअरटेकर आहे, तिथे भातलावणीच्या दिवसांत दर शनिवारी शिबिर असतं. पुण्याहून एक मॅडम येतात आणि वीस-पंचवीस माणसांना वर्तमानात राहायला शिकवतात. म्हणजे काय, तर एक मनुका तोंडात धरून दहा मिनिटं चघळायची. तोवर स्वयंपाकघरात माझ्या भाकऱ्या गार होतात, त्याकडे कोणाचं लक्ष नसतं. बोलायची सोय नाही. आम्ही राहतो ती मागची खोलीही बंगल्याच्या मालकांची, शेठचीच आहे.

शिबिराचा मुख्य कार्यक्रम भातलावणीचा. बंगल्यामागे एक खाचर शेठनी त्यासाठी मुद्दाम राखलंय. ते एकेकाळी आमचंच. आजूबाजूच्यांनी विकली तशी सासऱ्यांनीही जमीन विकून टाकली, तेव्हा मी या घरात आले नव्हते. सासूबाईंचं नाव सरुबाई, मी त्यांना आत्या म्हणते. आत्या पुढे वाकून लावून दाखवतात आणि पाहुणे त्यांचं बघून लावतात. पायांना चिखल कसा लागतोय, पाणी किती गार आहे, एवढंच मनात ठेवा, असं मॅडम सांगतात. मग पुढच्या शुक्रवारी अमृत ते सगळं उपटून टाकतो आणि पुन्हा चिखल करतो, कारण शनिवारी नवी मंडळी येणार असतात.

जुलैत असं तीनदा झालं. आत्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नाही, पण तिसऱ्या लावणीनंतर त्या शेठपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि हे एवढं तरी राहू द्याल का, असं विचारलं. पुढची शिबिरं दसऱ्यानंतर होती. शेठ मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाले, ठेवा की मावशी, भातही तुम्हीच घ्या.

त्या दिवसापासून आत्यांना दुसरा उद्योग उरला नाही. पाहुण्यांनी वाकडंतिकडं लावलेलं त्यांनी सरळ केलं. खेकडे बांधाला भोकं पाडतात आणि पाणी निघून जातं, ती भोकं त्या रोज सकाळी चिखलाने बुजवायच्या. भाताला थंडी वाजत असेल, पांघरूण घाला त्याला, असं मी चिडवायचे, तर त्या हसायच्या. आठ-दहा दिवसांत रोपांनी जीव धरला. फुटवे आले. दिवाळीला याच भाताचे पोहे करायचे, हे आत्यांनी ठरवून टाकलं होतं आणि खरं सांगते, मीही ठरवलं होतं.

पंधरा ऑगस्टच्या सुट्टीच्या तोंडावर, गुरुवारी, शेठचा फोन आला. कुठल्याशा कंपनीची चाळीस माणसं शनिवारी येणार होती आणि त्यांना लावणीच हवी होती. अमृतने सांगून पाहिलं की आता रोपं कुठून आणू, सगळ्या गावाची लावणी उरकली. शेठ म्हणाले, खाचरात आहेत ना, तीच काढा आणि तीच लावा. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. उलटा फोन लाव आणि त्यांना त्यांच्या शब्दाची आठवण दे, असं मी अमृतला म्हटलं. मग राहायचं कुठं, एवढंच त्याने विचारलं. मी जाऊन भांडी घासत बसले.

शुक्रवारी अमृत उठायच्या आत आत्या खाचरात उतरल्या होत्या. सगळी रोपं त्यांनी स्वतःच्या हातांनी उपटली, मुळं धुतली, मुठी बांधल्या आणि बांधावर ओळीने ठेवल्या.

शनिवारी चाळीस माणसं चिखलात उतरली. त्यांतल्या एका मुलीने आत्यांना विचारलं की आजी, लावताना तुमच्या मनात काय असतं. सगळे थांबून बघायला लागले.

"कापणी," आत्या म्हणाल्या. "दुसरं काय आसनार बाई?"

दोघं-चौघं हसले. मॅडम चिखलातून चालत आल्या आणि आत्यांच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला. मॅडम वाईट नाहीत, हे मलाही कळतं. या खाचरात आदल्या दिवशी काय झालं, ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

"आजी, कापणी सोडून द्या मनातून," त्या अगदी मायेने म्हणाल्या. "फक्त हातातलं हे एक रोप."

आत्यांनी हातातल्या रोपाकडे जरा वेळ पाहिलं. मग बरं म्हणाल्या आणि पुन्हा वाकल्या. आजींचे हात बघा, किती शांत आहेत, असं मॅडम सगळ्यांना सांगत होत्या. लोकांनी फोटो काढले. चार वाजता चहा पिऊन बस निघून गेली.

संध्याकाळी बादल्या आणायला मी खाचराकडे गेले. पाहुण्यांच्या ओळी वेड्यावाकड्या, पण उभ्या होत्या. आत्यांची रोपं मात्र सगळीच्या सगळी पाण्यावर तरंगत होती. चाळीस वर्षं लावणी केलेली ही बाई. तिने मुळं चिखलात दाबलीच नव्हती, एकेक रोप नुसतं ठेवत गेली होती.

साडी खोचून मी आत उतरले आणि हाताला लागेल ते रोप अंगठ्याने चिखलात दाबायला लागले. पाच-सहा झाली असतील, तेवढ्यात आत्या बांधावर येऊन उभ्या राहिल्या.

"नको दाबू, सविता," त्या म्हणाल्या. "त्यानं जीव धरला की मला पुन्यांदा आशा लागती."

माझ्या हातात एक रोप होतं. ते लावावं की सोडून द्यावं, मला कळेना.